तीन वर्षांचे रविवार

मोठ्या संख्यांचे आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. अर्थसंकल्प लाख कोटींत मांडला जातो, शे-दीडशे कोटींचा घोटाळा वर्तमानपत्राच्या आतल्या पानात जातो, आणि एखाद्या खेळाडूवर लागलेली कोटीची बोली ऐकून घरातले शाळकरी पोरही ‘बस, एवढीच?’ म्हणते. परंतु या संख्यांशी आपली ओळख असते ती त्यांच्या आकारापुरती. एकावर किती शून्ये, एवढे कळले की आपले समाधान होते. ती संख्या घडली आहे कशी, तिच्या पोटात काय आहे, ती फुटते की अभंग राहते, हे आपण विचारत नाही. माणसांच्या बाबतीतही आपण पुष्कळदा असेच वागतो. पण तो विषय वेगळा.

आज अशाच एका संख्येची कुळकथा सांगायची आहे. संख्या अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

क्षणभर तिच्याकडे नुसते पाहा. आकडे एकवीस. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावे दिली आहेत आणि त्यांतले अठरावे, शेवटचे नाव परार्ध. आपली संख्या त्या परार्धाच्याही पुढे गेलेली आहे : चौदाशे पंच्याहत्तर परार्ध आणि वर चिल्लर! पण तिची खरी ओळख सोपी आहे. सदुसष्ट वेळा दोन मांडायचे, त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि येईल त्यातून एक वजा करायचा. म्हणजे २ चा ६७ वा घात, उणे १.

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला ती जरा निराळ्या रूपात दिसते. दरसाल आठ टक्के चक्रवाढीने रक्कम सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होते, हा आमचा ढोबळ हिशेब. (७२ ला व्याजाच्या दराने भागायचे, की दुपटीची वर्षे मिळतात.) सदुसष्ट वेळा दुप्पट व्हायला या हिशेबाने सहाशे तीन वर्षे लागतील. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर सव्वाशे वर्षांनी कुणी एखाद्या सावकाराकडे एक नाणे या दराने ठेवले असते आणि एकाही वारसाने मध्ये हात लावला नसता, तर आज साधारण २ चा ६७ वा घात एवढी नाणी झाली असती. त्यातून मुद्दलाचे ते एक नाणे काढून घ्या. उरते ते निव्वळ व्याज. आपली संख्या ती.

या संख्येविषयी विचारलेला प्रश्न एकच होता : ही फुटते का? तो १६४४ साली उभा राहिला आणि त्याचे पूर्ण उत्तर मिळायला १९०३ साल उजाडावे लागले. त्या उत्तराचा आपल्या घरात बसून काढलेल्या बँकेच्या पैशांशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते ओघाने येईलच.

एका साधूची यादी

फुटणे म्हणजे काय, ते आधी पाहू. १५ ही संख्या फुटते; तिचे ३ आणि ५ असे तुकडे होतात. १३ फुटत नाही. तिला १ आणि १३ यांखेरीज कशानेच नि:शेष भाग जात नाही. अशा न फुटणाऱ्या संख्यांना शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. बाकीच्या साऱ्या संख्या यांच्याच गुणाकारातून होतात. भिंत कितीही उंच असो, विटा याच.

मरँ मेर्सेन हा फ्रान्समधला ख्रिस्ती साधू. जन्म १५८८ चा, मृत्यू १६४८ चा. राहायचा पॅरिसच्या एका मठात, पण त्याचा पत्रव्यवहार साऱ्या युरोपभर. देकार्त, फेर्मा यांच्यासारख्यांची पत्रे त्याच्याकडे येत आणि एकाचे प्रश्न दुसऱ्याकडे पोचवण्याचे काम तो हौसेने करी. विज्ञानाची नियतकालिके अजून निघायची होती. तोवर हा साधूच नियतकालिकासारखा होता म्हणा ना!

दोनाचा घात घेऊन त्यातून एक वजा केला, तर काही वेळा मूळ संख्या मिळते. २ चा वर्ग उणे १ म्हणजे ३. घन उणे १ म्हणजे ७. पाचवा घात घेतला तर ३१, सातवा घेतला तर १२७. या चारही मूळ संख्या. मग वाटते, घात म्हणून मूळ संख्या घेतली की उत्तरही मूळच येत असावे. पण ११ वा घात घेऊन एक वजा करा : २०४७. ही फुटते. कशी, ते वाचकांनी चहा घेता घेता शोधून पाहावे. उत्तर पुढे दिले आहे.

कोणत्या घातांना ही किमया साधते? १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेर्सेनने यादीच देऊन टाकली. २५७ पर्यंतच्या घातांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे अकरा घात मूळ संख्या देतात, बाकीचे नाहीत, असे त्याने लिहिले. हे त्याने कसे तपासले, ते मात्र लिहिले नाही. उलट पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही, हे तपासायला सारा काळ पुरणार नाही, अशी कबुली त्याच ग्रंथात आहे. आणि यादीतली ६७ व्या घाताची संख्या तर एकवीस आकडी.

तरीही यादी चालली. मेर्सेनचे नाव मोठे, आणि तपासण्याचे कष्ट त्याहून मोठे. १७७२ साली ऑयलरने ३१ व्या घाताची दहा आकडी संख्या, २,१४,७४,८३,६४७, खरोखरच मूळ असल्याचे सिद्ध केले, तेव्हा यादीची पत आणखी वाढली. मोठ्या माणसाने सही केलेले व्हाउचर खालचे लोक उलटून पाहत नाहीत, तशातला प्रकार.

फरक आहे, पण कुठे?

ऐंशीच्या दशकात बँकेत लागलेल्या माझ्या पिढीने जाडजूड लेजरे हाताने लिहिली आहेत. महिन्याच्या ठरावीक दिवशी प्रत्येक खात्याची बाकी उतरवून काढायची, लांबलचक बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. जुळली तर सुटलो. नाही जुळली, तर ‘फरक’ निघाला. हा फरक एक रुपयाचा असला तरी शाखा हवालदिल व्हायची. कारण फरक आहे हे समजायला एक बेरीज पुरते, आणि तो कुठे आहे हे सापडायला कधी कधी आठवडे जातात.

जुने हेडक्लार्क एक युक्ती शिकवत. फरकाला नऊने भाग जातो का पाहा. जात असेल, तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिले असण्याचा संभव फार. ५४० चे ४५० झाले, की फरक ९० चा. ७२ चे २७ झाले, की ४५ चा. दोन्हींना नऊने भाग जातो. युक्ती एवढेच सांगते, की चूक बहुधा या जातीची आहे. ती कोणत्या पानावर, कुणाच्या खात्यात, हे मात्र पाने उलटूनच पाहावे लागते. ‘आहे’ हे ज्ञान वेगळे आणि ‘कुठे आहे’ हे ज्ञान वेगळे.

आपल्या संख्येच्या बाबतीत पहिले ज्ञान १८७६ साली झाले. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले, की ६७ व्या घाताची मेर्सेन संख्या मूळ नाही. ती फुटते. पण कोणत्या तुकड्यांत फुटते, हे त्यालाही ठाऊक नव्हते! तुकडे न पाहता ती फुटते हे कसे सांगता येईल, असे कुणालाही वाटेल. म्हणून त्याच्या कसोटीचा मासला पाहू. पुढे १९३० साली डी. एच. लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने तिला सुटसुटीत रूप दिले, त्या रूपात.

३१ घ्या, म्हणजे २ चा पाचवा घात उणे १. सुरुवात ४ पासून करायची. त्याचा वर्ग करून दोन वजा करायचे : १४. पुन्हा वर्ग करून दोन वजा : १९४. हे ३१ पेक्षा मोठे झाले, म्हणून ३१ ने भागून बाकी घ्यायची : ८. पुन्हा वर्ग करून दोन वजा : ६२. ३१ ने भागले, बाकी शून्य. घात पाच, त्यातून दोन गेले, म्हणून फेऱ्या तीन. आणि तिसऱ्या फेरीला बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. शून्य आली नाही, तर ती फुटणारी. ६७ व्या घातासाठी अशा पासष्ट फेऱ्या. प्रत्येक फेरीत वीस-एकवीस आकडी संख्येचा वर्ग आणि भागाकार. काम किचकट खरे, पण मनुष्याच्या आवाक्यातले. शेवटी शून्य येत नाही. म्हणजे बेरीज जुळली नाही, फरक नक्की आहे. पान मात्र माहीत नाही.

या यादीतल्या चुका पुढे एकेक करून उजेडात आल्या. ६१ वा घात मेर्सेनने वगळला होता. तो मूळ संख्या देतो हे १८८३ साली इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकाने दाखवले. ८९ आणि १०७ हे घातही सुटले होते. ६७ आणि २५७ हे भलतेच आत शिरले होते. १९४७ साली यादी पुरती तपासून झाली तेव्हा हिशेब असा निघाला : दोन नोंदी चुकीच्या, तीन राहून गेलेल्या. ऑडिटला तीनशे तीन वर्षे लागली!

खडू, फळा आणि मौन

फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. जन्म १८६१ चा. १८९६ पासून १९२० पर्यंत ते अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सचिव होते. सचिव म्हणजे इतिवृत्ते लिहिणारा, पत्रांना उत्तरे देणारा, सभेला खुर्च्या आहेत की नाहीत ते पाहणारा माणूस. असा माणूस प्रत्येक संस्थेत असतो आणि तो आहे हे तो गेल्यावरच कळते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची सभा होती. वार शनिवार. कोल यांच्या निबंधाचे नाव अगदी साधे : मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी. पुढे काय घडले ते एरिक टेंपल बेल यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे. बेल कोलंबियातच शिकलेले, आणि गोष्ट रंगवून सांगण्याची त्यांना भारी हौस. तेव्हा तपशिलावर थोडी सूट द्यावी. कोल उठले, फळ्यापाशी गेले, आणि तोंडातून अक्षर न काढता त्यांनी २ चा ६७ वा घात काढला. त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागाकडे वळून दोन संख्या लिहिल्या :

१९,३७,०७,७२१
७,६१,८३,८२,५७,२८७

त्यांचा गुणाकार त्यांनी शाळेतल्या मुलासारखा, ओळीखाली ओळ मांडून केला. खालची बेरीज आणि पलीकडची संख्या तंतोतंत जुळली. कोल खडू ठेवून जागेवर जाऊन बसले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. प्रश्न कुणी विचारला नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असे बेल यांनी १९११ साली त्यांना विचारले. उत्तर मिळाले : तीन वर्षांचे रविवार.

आता थोडा हिशेब करू. आंधळेपणाने एकेका संख्येने भागत बसायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. पण गणित इथे आधीच थोडी वाट दाखवते. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या एखाद्या पटीहून एकाने मोठाच असला पाहिजे. (१३४ म्हणजे ६७ ची दुप्पट.) शिवाय त्याला आठने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २०४७ चेच पाहा ना. तिथे घात ११, दुप्पट २२. तिचे अवयव २३ आणि ८९ : एक २२ हून एकाने मोठा, दुसरा २२ च्या चौपटीहून एकाने मोठा, आणि आठने भागल्यावर बाकी ७ आणि १. चहाबरोबरच्या कोड्याचे उत्तरही इथेच मिळाले.

कोल यांचा लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीच्या शेजारी आहे. आठची अट लावली, की यातले निम्मे गळतात. ज्यांना ३, ५ किंवा ७ ने भाग जातो ते काढले, तरी सव्वातीन लाखांहून अधिक उमेदवार शिल्लक राहतात. प्रत्येकाचा भागाकार दहा मिनिटांत उरकला असे धरले, तर पंचावन्न हजार तास होतात. दर रविवारी आठ तास बसले, तर एकशे बत्तीस वर्षांचे रविवार! कोल यांनी हे तीन वर्षांत बसवले, ते हात भरभर चालवून नव्हे. वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांवरून, अवयव कोणत्या रूपाचा असू शकतो आणि कोणत्या रूपाचा नाही, हे त्यांनी पायरीपायरीने ठरवत नेले. चाळणीखाली आणखी बारीक चाळणी लावावी तसे. कष्ट तर होतेच. पण आपण कष्ट कुठे घ्यायचे नाहीत हे ठरवण्याचे कष्ट अधिक होते.

तीन वर्षांत रविवार साधारण एकशे छप्पन्न येतात. त्यांतल्या प्रत्येकी संध्याकाळी हाती काय लागले असेल? अमुक इतके उमेदवार बाद, एवढेच. सोमवारी पुन्हा तास, पुन्हा सोसायटीची पत्रे. बाद झालेल्यांची नोंद कुणी विचारत नाही. शोधाच्या बातमीत शेवटचा रविवार येतो. आधीचे एकशे पंचावन्न येत नाहीत.

कोल १९२६ साली वारले. त्यांच्या नावाचे पारितोषिक सोसायटी आजही बीजगणित आणि अंकशास्त्र यांतल्या कामासाठी देते. २००८ साली अंकशास्त्राचे कोल पारितोषिक मंजुल भार्गव यांना मिळाले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

दोन किल्ल्यांचे कुलूप

या सगळ्याचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर १९०३ साली सांगण्यासारखे उत्तर नव्हते. ते १९७७ साली आले. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेतले रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन या तिघांनी नेमकी ही अडचणच कामाला जुंपली. दोन संख्यांचा गुणाकार करणे सोपे. गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय कठीण. मग याचेच कुलूप का करू नये?

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याला दार उघडत नाही. लॉकरचेही तेच : एक किल्ली ग्राहकाची, दुसरी बँकेची. या तिघांच्या कुलपाच्या दोन किल्ल्या म्हणजे दोन भल्यामोठ्या मूळ संख्या. त्या गुप्त. त्यांचा गुणाकार मात्र चारचौघांत जाहीर. त्या जाहीर संख्येच्या साहाय्याने कुणालाही निरोप कुलूपबंद करता येतो, खटक्याचे कुलूप नुसते दाबून बसवावे तसा. उघडायला आतल्या दोन संख्या माहीत हव्यात.

मार्टिन गार्डनर यांनी ऑगस्ट १९७७ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ही कल्पना लोकांपुढे ठेवली. याच सदरातून दोन वर्षांपूर्वी, मार्च १९७५ मध्ये, त्यांनी देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांची आणि त्यांच्या ६१७४ या संख्येची जगाला ओळख करून दिली होती. १९७७ च्या लेखाचा मथळाच असा, की ही नवी सांकेतिक लिपी फोडायला लाखो वर्षे लागतील. सोबत एकशे एकोणतीस आकडी संख्या दिली होती. तिचे दोन अवयव शोधून आतला निरोप वाचणाऱ्याला शंभर डॉलरचे इनाम. लाखो नव्हे, सतराच वर्षे लागली. एप्रिल १९९४ मध्ये सुमारे सहाशे हौशी माणसांनी जगभरचे सोळाशे संगणक आठ महिने चालवून चौसष्ट आणि पासष्ट आकडी असे दोन अवयव काढले. आतला निरोप निघाला तो नाजूक पोटाच्या एका गिधाडाविषयीचा, पुरता निरर्थक. तिजोरी फोडावी आणि आत कोल्हापुरी चपलेचा एकच पाय सापडावा, तसे झाले.

तेव्हापासून कुलपे मोठी होत गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये अडीचशे आकडी आव्हान संख्या फोडण्यात आली. व्यवहारात हे कुलूप वापरतात तिथे संख्या साधारण सहाशे सतरा आकडी असते. संकेतस्थळांच्या सुरक्षेत, चिप बसवलेल्या कार्डांत, सहीऐवजी चालणाऱ्या डिजिटल शिक्क्यांत हे कुलूप वर्षानुवर्षे राबते आहे. कोल यांची एकवीस आकडी संख्या मात्र आज घरातला साधा संगणक डोळे मिटून उघडायच्या आत फोडतो. एकवीस ते सहाशे सतरा, एवढे अंतर आपल्या पेन्शनीचे राखण करते आहे.

ल्युका आणि कोल यांच्या कामातला तो फरकही अजून तसाच आहे. संख्या मूळ आहे की नाही, याचे बिनचूक उत्तर आकड्यांच्या मानाने बेताच्या वेळात देणारी सर्वसाधारण रीत ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी शोधली. साऱ्या जगाने त्यांचे कौतुक केले. म्हणजे ‘फरक आहे का’ हा प्रश्न सुटला. ‘फरक कुठे आहे’ याची तशी झटपट रीत आजच्या संगणकांसाठी कुणाला सापडलेली नाही. आणि ती असूच शकत नाही, असेही कुणी सिद्ध केलेले नाही. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक उभा राहिला तर तो हे काम झपाट्याने करील. तेवढे मोठे यंत्र अजून झालेले नाही, पण शहाणा माणूस चोर येण्याआधी कुलूप बदलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने निराळ्या गणितावरच्या नव्या कुलपांची मानके प्रसिद्ध केली.

कुलूप शाबूत, माल गायब

मग इतके मजबूत कुलूप असूनही लोकांचे पैसे रोज कसे जातात? निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला जिन्यात, बागेत, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो. उत्तर असे, की सहाशे आकडी संख्या फोडायच्या भानगडीत कुठलाच भामटा पडत नाही. त्याला कोल यांच्यासारखे रविवार खर्च करायचे नसतात. तो सरळ फोन करतो आणि किल्ली मागतो. “बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा,” एवढेच वाक्य. सहा आकडी ओटीपी आपण सांगून टाकतो, आणि गणिताचे कुलूप न फुटता दार उघडते.

कुणाच्या हुद्द्याला भिऊन किंवा आवाजाला भुलून आपण त्याचे म्हणणे न तपासता मान्य केले, की हे घडते. मेर्सेनच्या यादीचेही तेच झाले होते. तो फसवणारा नव्हता, फार सज्जन माणूस होता. पण त्याचे नाव मोठे म्हणून ६७ हा आकडा दोनशे बत्तीस वर्षे यादीत बसून राहिला. कोल यांनी फळ्यापाशी जाऊन ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटले नाही. त्यांनी ताळा मांडून दाखवला, कुणालाही पडताळून पाहता येईल असा. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे जरूर सांगून ठेवावे : खरी बँक ताळा पाहायला वेळ देते, भामटा देत नाही. फोन ठेवावा, पासबुकावरच्या नंबरावर आपण फोन करावा. आणि पैसे गेलेच, तर सायबर गुन्ह्यांच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे १९३०. लेहमर यांनी ल्युकाच्या कसोटीला सोपे रूप दिले, ते सालही हेच. लक्षात ठेवायला बरे.

मूळ संख्यांचा शोध अर्थातच थांबलेला नाही. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापले संगणक मेर्सेन संख्यांमागे लावून बसले आहेत, आणि सापडलेली संख्या मूळच आहे याची शेवटची खात्री करणारी कसोटी तीच, चारापासून सुरू होणारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १ ही मूळ संख्या सापडली. तिचे आकडे चार कोटी दहा लाखांवर आहेत. ती छापायला या पुरवणीची वर्षानुवर्षांची पाने लागतील.

त्यापेक्षा आज दुपारी कोल यांचा गुणाकार करून पाहावा. चौकटीची वही असेल तर उत्तम. वर बारा आकडी संख्या, खाली नऊ आकडी. दिसायला भीतिदायक, पण खालच्या संख्येत सात तीनदा आला आहे, म्हणजे सातची ओळ एकदा केली की तीनदा उतरवायची. एक दोनदा आहे. तिथे तर नुसतेच लिहून काढायचे. एक ओळ शून्याची. उरले नऊ, तीन आणि दोन. मुले पाढे म्हणतील, आजोबांनी हातचे सांभाळावेत. शेवटी जुना ताळा : वरच्या संख्येतले आकडे मिळवत गेले की ६४, त्याचे १०, त्याचा १. खालच्या संख्येचे ३७, त्याचे १०, त्याचा १. एक गुणिले एक, एक. मग उत्तराचे आकडे मिळवा. १०९ भरले पाहिजेत. त्याचे १०, त्याचा १. तेवढे जुळले आणि शेवटी ९२७ आले, की पेन्सिल खाली ठेवायला हरकत नाही.